मुरुमाखालचा उभा दगड

ती केस माझ्या मनातून गेलेली नाही.

कळमेश्वरकडच्या एका माळावर इतिहासपूर्व काळातला पुरुषभर उंचीचा दगड उभा होता. शेजारी संरक्षित स्मारकाचा फलक. गावकरी दगडाकडे कधी सरळ बोट दाखवत नसत. कोप होतो म्हणत. एका सकाळी स्मारकाचा चौकीदार आमच्या पोलीस ठाण्यात धावत आला. फलक आडवा, दगड गायब, माळभर मुरुमाचे ढीग.

गुन्हा नोंदवला. खबऱ्याने दुसऱ्या एका वाडीतला जेसीबी चालक सांगितला. त्याला ठाण्यात आणलं.

"मी त्या गावाले कधी गेलोच नाही जी!"

"मंग जेसीबी काय एकटाच फिराले गेलता का गा?" आमचा हवालदार म्हणाला. चालक हसला नाही. त्याला घाम फुटला होता.

पंचांसमक्ष त्याला माळावर नेलं. एकेका ढिगाकडे बोट करून मी विचारत गेलो, "हा तू टाकला?" तो नाही म्हणत राहिला. एका ढिगाकडे माझा हात वळताच त्याने झडप घालून माझं बोट मुठीत दाबलं.

"तिकडे बोट नका दाखवू साहेब!"

त्या गावात त्याचं आजोळ होतं, दगडाचा कोप तो लहानपणापासून ऐकत आला होता, हे नंतर कळलं. दगड त्याच ढिगाखाली निघाला.

स्मारकामुळे शेजारच्या खदानीला परवानगी मिळत नव्हती. म्हणून संशय खदानीच्या मालकावर होता, पण चालक त्याचं नाव घेईना. मालक जिवंत सोडणार नाही, एवढंच म्हणे. मग मी त्याहून मोठी भीती घातली. त्याची मुलगी तान्ही आहे, हे मला माहीत होतं. "खोटं बोललास तर दगड तुझ्या लेकराच्या जिवावर उठेल. तिथे दवाखाना कामाचा नाही."

तो ढसाढसा रडला आणि सगळं बोलला. मालकाला अटक झाली, दगड पुन्हा उभा राहिला, माझं कौतुक झालं.

चालक जामिनावर सुटला. काही दिवसांनी चौकीदाराचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा भर उन्हात दगडाच्या पायथ्याशी चालकाची ती तान्ही मुलगी ठेवलेली होती. अंग तापाने फणफणलेलं, डोळे फिरलेले. तो कपाळ टेकून बसला होता, बायको ओरडत होती.

"दवाखान्यात काहून नाही नेलं?" मी त्याला विचारलं.

"तुमीच तर म्हणाले होते साहेब."

मुलीला जीपमध्ये घालून रुग्णालयात नेलं. ती वाचली, पण ताप डोक्यात गेल्यामुळे तिला ऐकू येत नाही.

कबुली मिळाली की केस संपते, असं मी समजत होतो. आपण घातलेली भीती मात्र माणूस घरी घेऊन जातो, आणि तिथे ती काय करते हे पाहायला पोलीस नसतो.