पेपरातला तवा

बाबा कामाला होते ती मिल बंद पडली तेव्हा माझी पीएच.डी. अर्ध्यावर होती. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी मीच पहिली चढले, आणि हे मी आजही ताठ मानेने सांगते. आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांना त्याचं फार काही नव्हतं. "डॉक्टर बन गई क्या बेटा? जरा बीपी देख लो," म्हणायचे.

माझं काम सिंथेटिक ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं. दोन लहान रेणू जोडून मोठा रेणू करायचा. जोडणी होताना पाणी सुटतं, आणि ते फ्लास्कमध्ये राहिलं की पुढची जोडणी अडते. ते शोषायला परदेशी रसायनं बाजारात यायला लागली होती, पण आमच्या डिपार्टमेंटला ती फक्त कॅटलॉगमध्ये दिसायची. म्हणून मी सियागंजच्या किराणा बाजारातून तुरटी आणली. घरात कुणाचं तोंड आलं की आई तुरटी तव्यावर फुलवून तिची लाही करायची. मंद आचेवर खडा आधी वितळतो, खदखदतो, मग कापसासारखा फुलून कोरडा होतो. तशीच लाही घरच्या तव्यावर करून फ्लास्कमध्ये टाकली आणि रिॲक्शन छान झाली.

पेपरात मी 'लोखंडी तव्यावर फुलवलेली तुरटी' असंच लिहिलं. आमच्या गाइड सरांनी ते खोडलं.

"रिसर्च पेपरमध्ये तवा? उद्या चिमटा लिहाल, परवा बेलन."

त्या जागी त्यांनी 'वाळवलेली तुरटी' केलं. मला पटलं नाही, पण सर ते सर.

पेपर तसाच छापून आला. पुढे दुसऱ्या शहरातल्या एका लॅबच्या पेपरात आमच्या पेपरचा हवाला आला. पहिलं सायटेशन! सरांनी जिलेबी मागवली. ती खाता खाता मी ते वाक्य नीट वाचलं: 'या पद्धतीने आम्हाला पदार्थ मिळाला नाही.' त्यांनी तुरटी ओव्हनमध्ये वाळवली होती. सायटेशन मोजणाऱ्याला काय, शिवी दिली तरी एकच आणि शाबासकी दिली तरी एकच.

पण ते वाक्य माझ्या बाहेरच्या परीक्षकांनीही वाचलं होतं. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आधी रिॲक्शन माझ्यासमोर करून दाखवा, नाही झाली तर थीसिस पास करणार नाही, असं त्यांनी कळवलं. बाबा घरी बसलेले. माझ्या नोकरीकडे सगळ्यांचे डोळे, आणि नोकरी त्या डिग्रीवर अडलेली.

रिॲक्शन दाखवायच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातला तवा पिशवीत घातला.

"पोरी सासरी भांडी नेतात, तू कॉलेजात तवा ने," आई म्हणाली. "आणि पोळ्या कशावर करू? तुझ्या डिग्रीवर?"

"हाच तवा हवा. नवा कुठे जास्त तापतो, कुठे कमी, मला काय माहीत? जळली तर तुरटी वाया जाते."

"ले जाने दे न," बाबा म्हणाले. "एक दिवस डबलरोटी खाऊ."

परीक्षकांसमोर मी तुरटीचे दोन वाटे केले. एक ओव्हनमध्ये ठेवला, तो आपल्याच पाण्यात वितळून चिकट गोळा झाला. दुसरा तव्यावर फुलवला. दोन फ्लास्क लावले. दुपारनंतर दोन्हींतला एकेक थेंब तपासणीच्या प्लेटवर चढवून दिव्याखाली धरला; तिथे प्रत्येक पदार्थाचा ठिपका वेगळ्या जागी दिसतो. ओव्हनवाल्या फ्लास्कमधला सुरुवातीचा पदार्थ जसाच्या तसा होता. तव्यावाल्यातला संपून नवा ठिपका आला होता.

परीक्षकांनी प्लेट पुन्हा दिव्याखाली धरून पाहिली. मग म्हणाले, "तो पेपर में तवा क्यों नहीं लिखा?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"लिखा था इसने. मैंने काटा."

"जो किया, वही लिखिए न साहब," परीक्षक म्हणाले आणि व्हायवा सुरू झाला. संध्याकाळी त्यांनी थीसिसवर सही केली.

नंतर सरांनी स्वतःच सुधारणा छापायला पाठवली: लोखंडी तवा, मंद आच, फुलून कोरडं होईपर्यंत. ते अर्धं पान मूळ पेपरपेक्षा जास्त सायटेशन घेऊन बसलंय. अनोळखी लोकांच्या पेपरात 'आयर्न ग्रिडल' दिसलं की मी तेवढं वाक्य दोनदा वाचते.

तवा परत नेला नाही. लॅबमध्ये वापरलेलं भांडं मी घरच्या चुलीवर चढू देणार नव्हते. आईने नवा घेतला. मी कॉलेजात शिकवायला लागले तरी, त्याला पोळी चिकटली की ती तिथूनच हाक मारायची, "डॉक्टरीणबाई, या जरा इकडे!"