शेकायची पुरचुंडी

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट असलेल्या वसुंधराने वीस वर्षं एकच घोशा लावला होता: लेबल वाचा. लोक वाचत नाहीत, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तरीही चुकली ती चुकलीच.

दर शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये सुनिसा नावाची थाई बाई शेकायची पुरचुंडी करायला शिकवायची. हळद, गवती चहा, कापूर कापडात घट्ट बांधायचं आणि वाफेवर तापवून दुखऱ्या जागी दाबायचं. तिची अट एकच: लिहून घ्यायचं नाही, हातानेच शिकायचं. वसुंधराला तेव्हा हसू आलं होतं. तिने सगळी कृती मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली, शेवटी ठळक अक्षरांत: 'फक्त बाहेरून. पोटात घेऊ नये.'

'हे तर आपलंच!' असे सतरा मेसेज आले. मंडळाच्या प्रमोदने मजकूर लांबला म्हणून छाटून पुढे पाठवला. छाटलं काय, तर नेमका शेवट.

रविवारी सकाळी मंडळातल्या पुरुषोत्तमकाकांचा फोन. "वसू, काढा फार उग्र झालाय गं. गूळ घालू का?"

"कसला काढा?"

"तुझाच. थाई."

हळद आणि गवती चहा एकत्र दिसले की आपली माणसं उकळून पिणारच, एवढंही तिला सुचू नये? "काका, त्यात कापूर आहे! किती प्यायलात?"

"एकच घोट. प्रमोद म्हणतो, हीप्स ऑफ बेनिफिट्स."

विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन, काकांच्या घरी धाव, दिवसभर पहारा. काका ठणठणीत, डोकं उठलं ते वसुंधराचं. 'माझ्या लोकांची जबाबदारी माझी,' असा शब्द तिने सुनिसाला दिला होता. आता हे कळलं की सुनिसा वर्ग बंद करणार, तोही आपल्यामुळे, या विचाराने तिला स्वतःचाच राग आला.

शनिवारी तिने सगळं सांगून टाकलं. सुनिसाने विचारलं, "त्यांना शिकवलं कोणी?"

"मी. मेसेजवर."

"म्हणजे कोणीच नाही. पुढच्या वेळी त्यांना आण, तू शिकव. मग ठरवते, वर्ग चालवायचा की नाही."

काका आले. वसुंधराने त्यांच्याकडून गाठ तीनदा बांधून घेतली, पुरचुंडी आधी त्यांच्याच मनगटावर टेकवून बघायला लावली, मग दुखऱ्या गुडघ्यावर दाबली. काकांनी सुखाने डोळे मिटले.

"अगं, बाहेरूनच एवढं बरं वाटतंय, तर मला प्यायला कशाला लावलंस?"

वसुंधराने पुरचुंडी जरा जोरातच दाबली.

"काय म्हणतायत?" सुनिसाने विचारलं.

"बरं वाटतंय म्हणे," वसुंधरा दात आवळून म्हणाली.

सुनिसाने काकांच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग वसुंधराच्या हाताकडे. "छान. पुढच्या शनिवारी प्रमोदला आण."