पाचव्या नावाला थांबवलं

"बाई, आधी हा कचरा उचला."

असं मंडळाचे अध्यक्ष, काका, माझ्या आतेला म्हणाले. रविवारची सकाळ. बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यातल्या एका इमारतीच्या हॉलमध्ये आमच्या इतिहास मंडळाची बैठक भरली होती. आते फरशीवर मांडी घालून बसली होती. तिच्यासमोर पळसाची चार पानं. प्रत्येक पानावर तांदळाची एक चिमूट. चार नावं घेऊन झाली होती. पाचवं तिच्या ओठांवर होतं.

कचरा म्हणजे ती पानं.

हे लिहू की नको, असं माझं बरेच दिवस चाललं होतं. कारण पानं आतेने उचलली नाहीत. मी उचलली.

मी बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या एका आदिवासी वाडीतली. घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. उल्हासनगरला बी.ए. करते, इतिहास घेऊन. सरांनी सुचवलं म्हणून मंडळात जायला लागले. मंडळ इथल्या जुन्या घराण्यांचं पुस्तक काढतंय. लोक फॉर्म भरून द्यायचे, मी ते टाइप करायचे. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, वंशावळ आणि शेवटचा रकाना पुराव्याचा. कुणी त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वहीतून नावं उतरवून आणायचे, कुणी जुनं खरेदीखत. मला ते काम आवडायचं. मेलेल्या माणसांना परत नाव मिळतंय, असं वाटायचं.

एकदा मंडळातल्या मॅडम म्हणाल्या, "अगं, तुमचाही फॉर्म भर ना."

मी भरला. गोत्र मोकळं सोडलं. पुराव्याच्या रकान्यात लिहिलं, 'आते'.

आमच्या वाडीत लग्नाआधी पितरांना हाक मारतात. एक नाव, एक पान, एक चिमूट तांदूळ. तो माणूस कुठे राहायचा, कशाने गेला, तेही सांगायचं. आतेला अकरा नावं पाठ आहेत. ओळ सुरू झाली की मध्ये तोडायची नाही. तोडली तर मागचे उपाशी परत जातात. मी आधी तिला म्हटलं होतं, नुसती नावं सांग, मी फोनवर रेकॉर्ड करते. ती म्हणाली, "पाना नसली त कोनाला बोलवू?" म्हणून मी तिलाच घेऊन गेले. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

काकांनी पानांकडे बोट दाखवलं आणि माझ्या तोंडून निघालं, "सॉरी काका." मी वाकले. चारही पानं गोळा केली, तांदूळ ओंजळीत भरले. आते माझ्या हातांकडे बघत होती.

काका हसून म्हणाले, "तुमच्यात वंशावळ कुठली गं? तुमच्यात आडनाव पडलं तेच शाळेत घालताना."

हॉल हसला. मोठ्याने नाही. चांगले लोक हसतात तसा. मग कुणीतरी आतेला चहा दिला. तिने घेतला नाही.

परत येताना टमटममध्ये ती माझ्यापासून लांब बसली. उतरल्यावर म्हणाली, "तो बोलला त बोलला. त्याला काय ठावं? तुला त ठावं होता ना? तू कशाला उचललीस?"

घरी येऊन तिने ओळ पहिल्यापासून पुन्हा मांडली. मला जवळ बसू दिलं नाही.

दोन दिवसांनी काकांचा मेसेज आला. 'तुमची माहिती पुस्तकाच्या शेवटी, लोकजीवन विभागात घेऊ. नाचाचा एक छान फोटो पाठव. प्रकाशनाला तुमच्या बायका नाचतील का, विचारून ठेव.'

मी ते तीनदा वाचलं. मग टाइप केलेले सगळे फॉर्म उघडून बसले. फक्त पुराव्याचा रकाना बघत गेले. मांजर्लीच्या एका सभासदांचा फॉर्म सापडला. नऊ पिढ्या. पुढे लिहिलेलं, 'कागदपत्रे पुरात नष्ट. तोंडी माहिती ग्राह्य.' काकांनी सांगितलं होतं, मीच टाइप केलं होतं. तेव्हा त्या माणसासाठी मला वाईट वाटलं होतं. अजूनही वाटतं. घरात छातीएवढं पाणी शिरल्यावर कोण वही वाचवणार?

पुढच्या रविवारी बैठकीत मी त्या फॉर्मची प्रिंट घेऊन उभी राहिले. 

"काका, यांची नावं कुठल्या वहीत आहेत?"

"वही होती त्यांच्याकडे. पुरात गेली."

"कुणी पाहिली होती?"

 मग काका म्हणाले, "अगं, चांगल्या घरातला माणूस खोटं कशाला बोलेल?"

"मग माझी आते खोटं बोलते?"

मॅडम माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस बाळा. फोटो येतोय ना तुमचा."

"फोटो येणार नाही," मी म्हणाले. "नाचही होणार नाही. तोंडी चालत असेल तर अकरा नावं घराण्यांमध्ये छापा. नाहीतर आमची एक ओळसुद्धा घेऊ नका."

"मंडळ तुझ्या अटींवर चालत नाही."

"ठीक आहे."

मी आमचा फॉर्म फाइलमधून काढून घेतला. पुस्तकात आभार मानलेल्यांच्या यादीत माझं नाव होतं, शेवटून दुसरं. मंडळाच्या लॅपटॉपवर मीच ते टाइप केलं होतं. तिथेच बसून खोडलं. काका म्हणाले, "कॉलेजात गेलं की डोक्यात हवा जाते यांच्या." यावर मात्र कुणी हसलं नाही.

पुस्तक निघेल. आमच्याशिवाय निघेल. मी बोलले म्हणून काहीही बदललं नाही. आते अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि तिचं बरोबर आहे.

पण मी तिला पुन्हा कुठल्याही हॉलमध्ये पुरावा म्हणून नेणार नाही. आम्ही इथे कधीपासून आहोत हे ज्याला जाणून घ्यायचं असेल, त्याने वाडीवर यावं. अंगणात, जमिनीवर बसावं. अकरावं नाव होईपर्यंत उठू नये. मध्येच कुणी तोंड उघडलं, तर त्याला गप्प करायला मी शेजारीच बसलेली असेन.