होल्गरचा पक्षी

एगोन टॉफ्टदालने चौतीस वर्षं मांजरांच्या हगण्यामुतण्याची सोय केली. हे वाक्य त्याचंच आहे, आणि तो ते हसून म्हणत नसे. मॉर्स बेटाच्या उत्तरेला मोलरची खाण आहे. मोलर म्हणजे फिकट, हलकी माती. ती भाजतात, दाणे करून पिशव्यांत भरतात आणि अर्ध्या युरोपातली मांजरं त्यावर जाऊन बसतात. त्याच मातीत साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे मासे, नाकतोडे, पानं आणि अगदी क्वचित एखादा पक्षी दगड होऊन पडलेला असतो. एगोन तिथे माती उपसायचं यंत्र चालवायचा. यंत्राच्या दातांखाली कशाकशाचा भुगा होतोय याचा विचार करायचा नाही, असं त्याने स्वतःला बजावून ठेवलं होतं. नाहीतर त्याने पहिल्याच वर्षी नोकरी सोडली असती.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे लोक राय ब्रेडवर लिव्हर पेस्ट फासून गप्पा हाणत बसले की हा हातोडी घेऊन टाकाऊ दगडांच्या ढिगाकडे जायचा. मातीत मधूनमधून चुनखडीचे कठीण गोळे लागतात, कंपनीला ते नकोच असतात. नेमका घाव घातला तर गोळ्याचे दोन भाग होतात. एकावर प्राणी, दुसऱ्यावर त्याचा ठसा. शिवाय मातीत ज्वालामुखीच्या राखेचे काळे पट्टे आहेत, प्रत्येक पट्ट्याला नंबर आहे. गोळ्याच्या कडेला लागलेल्या राखेवरून तो कितव्या थरातला हे एगोन शेजाऱ्याचं घर दाखवावं तसं सांगायचा. शाळा त्याने सातवीत सोडलेली, लग्न केलेलं नाही. घरात दगडांचे अकरा खण आणि एक खुर्ची. त्याच्याशी बोलायला जावं तर समोरून बहुतेक वेळा दोनच शब्द यायचे, "असू दे." याच दोन शब्दांनी त्याचा घात केला.

१९९१ च्या जानेवारीत, ऐन कामाच्या वेळेत, यंत्राच्या बादलीतून एक गोळा घरंगळला. एगोनने यंत्र थांबवलं, खाली उतरला आणि एकाच घावात तो फोडला. आत पक्षी होता. चोच, डोळ्याची खोबण, पंखाची हाडं, सगळं जागच्या जागी. बेटावर तोवर कुणाला असा पक्षी सापडला नव्हता. एगोन चिखलात गुडघ्यांवर बसला आणि त्याला रडू आलं. हे त्याने आयुष्यात कुणालाही सांगितलं नाही.

आता अडचण अशी की, यंत्र थांबवून दगड फोडल्याबद्दल फोरमनने त्याला दोनदा तंबी दिली होती. तिसऱ्यांदा घरी बसवीन म्हणाला होता. आणि असा मोलाचा जीवाश्म घरात ठेवणं हा तर गुन्हा. वर्षभरापूर्वीच कायदा झाला होता: सापडेल ते सरकारचं, म्युझियममध्ये जमा करायचं, सापडणाऱ्याचं नाव कागदावर लागणार, त्याला बक्षीस मिळणार. एगोनने आपल्या मेव्हण्याला गाठलं. होल्गर बँकेत काउंटरवर बसायचा. टाय लावायचा, बोलण्यात गोड, कुणाशीही दोन मिनिटांत जुनी ओळख काढणारा.

"तू नेऊन दे," एगोन म्हणाला.

"आणि नाव कुणाचं लिहू?"

"माझं नको. फोरमन टपूनच बसलाय. सध्या तुझंच लिही."

"अरे, पण मला दगडातलं काय कळतं?"

"असू दे. नंतर बघू."

होल्गरने नेऊन दिला. थर कितवा, हे विचारायला तो विसरला होता. त्या दिवशी एकतीस तारीख होती, म्हणून फॉर्मवर त्याने एकतीस लिहून टाकलं.

ठसा असलेला दुसरा अर्धा दगड एगोनने घरी ठेवून घेतला. फोरमन निवृत्त झाला की आपण स्वतः जायचं, हा अर्धा टेबलावर ठेवायचा आणि आपलं नाव सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. फोरमन चार वर्षांनी निवृत्त झाला. तोवर होल्गरचं प्रमाणपत्र फ्रेम होऊन दिवाणखान्यात लागलं होतं आणि त्याची बायको, म्हणजे एगोनची धाकटी बहीण बोडिल, दर शनिवारी ते पुसत होती. शिवाय दडवलेला दगड आता चार वर्षांचा जुना गुन्हा झाला होता. म्हणजे तो दगड एगोनचा एकुलता एक पुरावा होता, आणि तो बाहेर काढला तर आधी चोर म्हणून ह्याचाच हात धरला असता. एगोन गप्प बसला.

होल्गर मात्र बोलत होता. प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक ख्रिसमसला, क्रिंगलचा गोड पाव कापून झाला की पक्ष्याची गोष्ट. पहिल्या वर्षी सांगताना तो एगोनकडे बघून डोळा मारायचा. तिसऱ्या वर्षी डोळा मारणं बंद झालं. गोष्टीतली खाण जाऊन तिथे समुद्रकाठचा कडा आला, कारण बँकेतला माणूस खाणीत काय करत होता असं कुणी तरी विचारलं असणार. दहाव्या वर्षी तर तो ती एगोनलाच सांगायला लागला.

"एगोन, हे ऐक, तुझ्यासारख्या दगडवाल्याला आवडेल. मी कड्याखालून चाललोय..."

एगोन कॉफी ढवळत ऐकायचा. साखर तो घेत नसे, तरी ढवळायचा.

मागच्या नोव्हेंबरात होल्गर हृदयविकाराने गेला. मार्चमध्ये पेपरात आलं की बेटावरचा तो पक्षी ही एक अगदी नवी जात ठरली आहे आणि सापडणाऱ्याच्या सन्मानार्थ शास्त्रज्ञांनी तिचं नाव होल्गेरी ठेवलं आहे. एगोनने ही बातमी दुकानात दुधाच्या फ्रिजसमोर उभं राहून वाचली. त्याला राग आला. बहात्तराव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. त्याला बक्षीस नको होतं, ते होल्गरने कधीच बोटीच्या मोटारीत घातलं होतं. टाळ्याही नको होत्या. म्युझियममधल्या त्या बोटभर कार्डावर स्वतःचं नाव हवं होतं, एवढंच. ऑगस्टमध्ये जीवाश्मांचं प्रदर्शन भरतं, तिथे त्या पक्ष्याचा सोहळा होणार होता. एगोनने अर्धा दगड टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत घालून निघाला.

प्रदर्शन दरवर्षीप्रमाणे हँडबॉलच्या हॉलमध्ये होतं. आत घामाचा आणि कॉफीचा वास. एगोन सवयीने आधी सगळ्या टेबलांवरून फिरला. दरवर्षी तो इथून एक नग विकत घ्यायचा. एक जर्मन मासे विकत होता. एगोनने एका माशाची शेपटी नखाने खरवडली.

"ही रंगवलेली आहे," तो म्हणाला.

"थोडी दुरुस्ती केलीय, बाबा. सगळेच करतात."

"अर्धा मासा खरा आणि अर्धा तुझा. मग पाटीवर तुझंही नाव लाव की."

जर्मन हसला. एगोनला हसू आलं नाही. त्याने काहीच विकत घेतलं नाही.

बोडिलने पहिल्या रांगेत त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. निळा ड्रेस, केस सेट केलेले. नवरा गेल्यापासून ती एवढी नीटनेटकी कधी दिसली नव्हती.

"कुठे होतास रे? सगळा जन्म तुझी वाट बघण्यात जायचा माझा. आणि ही पिशवी कसली? इथेही दगड घेऊन आलास?"

"आहे एक."

"ठेव खाली. आज होल्गरचा दिवस आहे." मग ती त्याच्याकडे वाकून हळूच म्हणाली, "माझ्याकडे त्याचं आता एवढंच राहिलंय, एगोन."

म्युझियममधली मालेने नावाची शास्त्रज्ञ माइकपाशी आली. तिशीतली, उंच, दरवर्षीच्या प्रदर्शनामुळे एगोनच्या ओळखीची, चेहऱ्यावर खराखुरा आनंद. तिने काचेवरचं कापड काढलं. पक्षी तसाच होता, चोच किंचित उघडी. खाली कार्ड: होल्गेरी, थर एकतीस, सापडला होल्गरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बोडिल रडली. शेवटी मालेने म्हणाली, "या दगडाचा दुसरा अर्धा भाग कधीच मिळाला नाही. कुणाच्या जुन्या संग्रहात पडला असेल तर आणून द्या. कुणी काही विचारणार नाही, शब्द देते."

कॉफीपाशी गर्दी झाल्यावर एगोन मालेनेपाशी गेला आणि टेबलावर टॉवेल उलगडला. तिने दगड बघितला, ओठांवर हात ठेवला. मग तो अलगद उचलून कड उजेडाकडे धरली.

"ही राख बघ... हा एकोणीस आहे! एकतीस नव्हेच. आमच्या अर्ध्याला राखच नाही, मी तीन वर्षं डोकं फोडतेय, एकतीसमध्ये हा पक्षी बसतच नव्हता. फॉर्मवर एकतीस लिहिलं कुणी?"

"ज्याला माहीत नव्हतं त्याने."

ती हसली. मग हसायची थांबली आणि त्याच्याकडे नीट बघत म्हणाली, "आणि तुला कसं माहीत, एगोन?"

हाच तो क्षण होता. तीस वर्षं तो याच प्रश्नाची वाट बघत होता, आणि विचारणारं माणूसही भलं होतं.

"कारण त्या दिवशी यंत्रावर..." त्याने सुरुवात केली.

"अगबाई, सापडला का हा!" बोडिल केकची बशी घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभी होती. तिने आधी दगडाकडे बघितलं, मग भावाकडे. "आमच्या गॅरेजमध्ये होता ना हा? होल्गरनेच तुझ्याकडे ठेवायला दिला होता. हो ना, एगोन?"

तिने त्याची बाही धरली होती. बशीतला केक हलत होता. एगोनला दिसलं की तिला सगळं माहीत आहे, आणि आजचं नाही, फार जुनं. दिसलं तेव्हा त्याला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, नुसता थकवा आला.

"हो," तो म्हणाला. "होल्गरने दिला होता."

मालेने धावतच माइककडे गेली. होल्गरच्या कुटुंबाने दुसरा अर्धाही आणून दिला, असं तिने सांगितलं आणि हॉलमध्ये पुन्हा टाळ्या झाल्या. परत येऊन तिने कार्डावर एकतीस खोडलं आणि पेनाने एकोणीस लिहिलं.

"बदलता येतं हे असं?" एगोनने विचारलं.

"थर? बदलायलाच हवा, चुकीचा होता."

"आणि नाव?"

"नाव नाही बदलत. एकदा छापलं की कायमचं. माणूस चुकीचा निघाला तरी तेच राहतं, जगभराचा नियम आहे." ती हसली. "पण इथे तो प्रश्नच नाही ना. थांब, तुला रिकाम्या हाताने नाही पाठवायची मी." तिने टेबलाखालून एक खोका काढला. आत पक्ष्याची प्लास्टरची प्रतिकृती होती, खाली छोट्या पट्टीवर होल्गेरी लिहिलेली. "तुझ्या संग्रहासाठी. तू एवढं जमवतोस, पण पक्षी नाही ना तुझ्याकडे?"

"नाही," एगोन म्हणाला. आता ते खरंही होतं.

परतताना गाडी बोडिल चालवत होती. प्लास्टरचा खोका एगोनच्या मांडीवर. गाव मागे पडल्यावर तो म्हणाला, "तुला माहीत होतं."

"आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पिऊन बोलला होता. रडला पण होता."

"आणि तू काही बोलली नाहीस."

"मी?" बोडिलने गियर असा टाकला की गाडी हिसकली. "नाव नको असं कोण म्हणालं होतं? मी? तीस वर्षांच्या वर तोंड शिवून आमच्या टेबलावर बसलास, केक खाल्लास. आणि तो मातीत गेल्यावर पिशवी घेऊन आलास. जिवंत होता तेव्हा आणायची होतीस. त्याच्या तोंडावर बोलायचं होतंस. मेलेल्या माणसाशी कसली भांडणं करतोस रे?"

ती अन्यायाने बोलत होती, आणि तरी तिच्या बोलण्यातला एकही शब्द खोटा नव्हता. हेच त्याला सगळ्यात जास्त झोंबलं.

खाडीवरून वारा येत होता, शेतांत कापणी चालली होती. मग बोडिल नरमली, तिची नेहमीचीच रीत.

"मालेने म्हणत होती, पुढच्या वर्षी शाळेची मुलं येणारेत. कुणीतरी त्यांना पक्ष्याची गोष्ट सांगावी म्हणे. होल्गर सांगायचा तशी. मला नाही जमणार, मी रडते. तू सांग ना. तुझ्याइतकी कुणी ऐकलेली नाही."

एगोनने खोक्याचं झाकण उघडलं, पुन्हा बंद केलं.

"धुकं होतं त्या दिवशी," तो अखेर म्हणाला. "गारठवणारं. दिवसा दिवे लावावे लागले होते."

"होल्गर पाऊस म्हणायचा. धो धो पाऊस."

"धुकं होतं, बोडिल."

"लोकांना पाऊसच माहीत आहे. आता धुकं कुठून काढायचं?"

पुलावर गाडी चढली, उतरली.

"बरं," एगोन म्हणाला. "पाऊस होता."

"आणि एखाद्या पोराने विचारलं, आजोबा, तुम्ही कुठे होतात तेव्हा, तर?"

"मी?" एगोन म्हणाला. "मी कामावर होतो."