पिंपळाला बांधलेला दोर

दिवलीबाई तोरणमाळची. तिचा बाप कड्यावरून मध काढायचा आणि एका हंगामात कड्यावरूनच गेला. दोर चुलत्याच्या हातात होता. पुढे तिचं लग्न झालं तेही मध काढणाऱ्या वाहरूशी. पहिल्याच वर्षी तिने सांगून टाकलं, "तुझा दोर मीच धरणार." लोक हसले. ती दर हंगामात भीत भीत, याहामोगी देवीचं नाव घेत दोर धरत राहिली.

मग नंदुरबारकडच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. इमारत इंग्रजांच्या वेळची. काळा दगड, टोकदार कमानी, मधोमध उंच मनोरा. मनोऱ्याच्या छज्ज्याखाली आग्या मधमाशांची दोन पोळी लटकत होती. परीक्षा तोंडावर आलेली, आणि माशांनी दोन मुलींना चावून दवाखान्यात पोचवलं होतं.

इतिहासाचे हेमकांत सर जिना चढताना सांगत होते, "हा साग तुमच्याच सातपुड्यातला, बैलगाड्यांनी आणलेला. सिमेंटचा कण नाही. चुन्यात गूळ आणि बेलफळ." दिवलीबाईला फक्त कुरकुरणाऱ्या पायऱ्या ऐकू येत होत्या.

मागून शिपाई सुकलाल म्हणाला, "वयनी, कसाले घाबरी ऱ्हायनी? इंग्रजनं काम शे. आपला नवा पूल पडतीन, पन हाई नही पडनार."

वर गच्चीच्या कठड्यातून मांडीएवढा जाड पिंपळ उगवला होता.

"तोडायला कुणी तयार होत नाही. पिंपळाला कोण हात लावणार?" सर म्हणाले आणि त्यांनी फरशीतली जुनी लोखंडी कडी दाखवली. "दोर इथे बांधा."

वाहरूने मान हलवली. "लोखंड मेलेलं असतं, सर. झाड जिवंत आहे. ते धरतं."

डोंगरात झाड खडकाला मुळांनी आवळून बसतं. वाहरूच्या बापाने, आज्याने दोर झाडालाच बांधला होता. त्याने बुंध्याला दोराची गाठ मारली, उरलेलं टोक दिवलीबाईच्या हाती दिलं. नारळ फोडला, माशांची क्षमा मागितली आणि धुरासाठी पेटवलेली गवताची पेंडी घेऊन उतरला.

खालून धूर आला, मग माशांचा घुमणारा आवाज. तेवढ्यात दिवलीबाईच्या पावलावर काहीतरी सांडलं. पांढरी भुकटी. चुना. तिने पाहिलं, तर पिंपळाच्या मुळाशी दगड हलत होता. या झाडाने दगड धरला नव्हता, आत शिरून तो फोडला होता. वाहरू झोका घेई तसा सगळा कठडा बाहेर झुकत होता.

ओरडावं तर माशा उठतील, आणि तो दचकला तर? हातातलं टोक तिने कडीतून ओवलं, कसंबसं बांधलं आणि सुकलालकडे नुसतं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. त्याने येऊन दोर धरला.

तिने दोन हिसके दिले. म्हणजे, वर ये.

खालून एक हिसका आला. थांब. पोळं त्याच्या हाताशी होतं.

तिने पुन्हा दोन दिले, पुन्हा दोन. याहामोगी आई, माझा माणूस वर येऊ दे. दगडातून चुन्याची धार लागली. शेवटी तो दोरावरून वर चढू लागला, वाहरूचं रागावलेलं तोंड कठड्यावर आलं. तिने त्याला सदऱ्याला धरून आत ओढलं. वाहरूने दोर सोडला तोच पिंपळ तिरपा झाला आणि कोपऱ्याचे दगड घेऊन खाली गेला. माशांचा काळा लोट उठला. चौघे जिन्यात घुसले, सुकलालने दार ओढलं.

बराच वेळ दारावर माशा आपटत होत्या. दिवलीबाईची बोटं वाहरूच्या सदऱ्यातून सुटेनात.

"पोळी तशीच राहिली," सर हळूच म्हणाले. "उद्या पुन्हा..."

"नाही," ती म्हणाली. मोठ्या माणसाला ती पहिल्यांदाच नाही म्हणाली होती.

आता कड्यावर ती आधी स्वतः झाडाला लोंबकळून पाहते. वाहरू चिडवतो, "झाडाला मिठ्या मारतेस, मला कधी मारशील?"

"वर ये, मग बघू," ती म्हणते. तो वर येईपर्यंत ती हसत नाही.