मोरचुदाचे थेंब

उल्हासनगरातला शोभेच्या माशांचा एक विक्रेता टाकीचे पाणी जिभेवर घेऊन त्याचा खारेपणा सांगत असे. आजारी मासा पाहून तो दोनच निकाल देई: "जगेगा" किंवा "गेला समजा." त्याचे निदान कधी चुकले नाही.

आमच्या घरच्या टाकीतल्या समुद्री माशावर पिठासारखे पिवळसर ठिपके उठले, तेव्हा तो अंबरनाथला घरी आला. अंथरुणाला खिळलेली माझी पत्नी दिवसभर त्या माशाकडेच पाहत असे. त्याने बॅटरीचा झोत टाकला, कल्ल्यांची धाप पाहिली आणि माझ्या कानाशी म्हणाला, "गेला समजा, साहेब."

"जगेल ना हो?" पत्नीने विचारले.

"जगेगा, भाभी. पक्का," असे म्हणून तो औषधाच्या नावाने मोरचुदाच्या पाण्याचे थेंब टाकीत मोजून टाकू लागला.

निघताना त्याने दारातून पत्नीकडे, माशाकडे पाहिले होते तसेच निरखून पाहिले. मी त्याला निकाल विचारला नाही.