तांब्याभर पाण्याची साक्ष

पाहणी कसली, थोतांड होतं ते! पनवेलच्या खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्यांना काय हवं, काय नको, हे सरकारला जाणून घ्यायचं होतं आणि मी फॉर्म भरणारा कारकून होतो.

एका झोपडीत ती म्हातारी भेटली. मिठानं तळव्यांना भेगा पडलेल्या, त्यामुळे पावलांच्या कडांवर भार देत चालायची. तसल्या पायांनी कोसभर जाऊन ती गोडं पाणी आणायची. मी पाहुणा, म्हणून हंड्याच्या तळाशी उरलेलं सगळं पाणी तिनं तांब्यात ओतलं. वर गुळाचा खडा दिला. मी घुटमळलो.

"पी रं बाबा. पन कागदावर लिव, हितं पानी नाय."

मी तिच्यासमोरच 'नाही' लिहिलं.

कचेरीत साहेबांनी तो फॉर्म उचलला. "दिवसभर तहानलेलेच होता का?"

"नाही साहेब. एका म्हातारीनं पाणी दिलं."

"मग पाणी आहे की! 'आहे' करा."

साहेबांचा राग आजही येतो. पण 'नाही' खोडलं ते माझ्याच हातानं. तिच्या हातचं पाणी पिऊन मी तिच्याच विरुद्ध साक्ष दिली.